आय कम, साहेब!

तांबुळगडच्या महाराजांनी हुकूम सोडला. उद्या दुपारपर्यंत असं इंग्रजी वाक्य शोधून आणा, जे म्हणून आम्हाला साहेबाचा निरोप घेता येईल, पण 'आम्ही जातो' असं आमच्या तोंडून निघणार नाही. नाही सापडलं, तर इंग्रजीची शाळा बंद! त्या खोलीत घोड्यांचा हरभरा भरा.

हेरंब मास्तरांना घाम फुटला. पण त्यांच्याहून जास्त धसका घेतला तो ठकूनं. ठकू म्हणजे मोतद्दार राणोजीची लेक. पहाटे बापाबरोबर पागेत घोड्यांना खरारा करायचा आणि हात धुऊन शाळेत पळायचं, हा तिचा नेम. शाळेत बसणारी ती एकटीच मुलगी. शाळा गेली की आई आपल्याला पागेतून उचलून थेट बोहल्यावर उभी करणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

घोटाळा झाला होता तो असा. तळ्याकाठी साहेबाचे तंबू पडले होते. महाराजांनी मास्तरांकडून इंग्रजी शिकायला घेतलं होतं, पण गाडी 'आय ईट, आय स्लीप' या साध्या वर्तमानकाळातच रुतली होती. पुढचे काळ शिकायला महाराजांना काळ कुठला? तेवढ्याच भांडवलावर ते साहेबाला भेटून आले. उठताना आपल्याकडे कोणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. महाराजही रुबाबात म्हणाले, "आय कम, साहेब!" आणि घोड्यावर बसून निघून आले.

साहेब समजला, महाराज रोज येतात. दुसऱ्या दिवसापासून त्यानं तंबूपुढे खुर्ची मांडायला सुरुवात केली. चहा निवायचा, माशा बसायच्या, महाराजांचा पत्ता नाही. शेवटी त्यानं माणूस पाठवून विचारलं, येतो म्हणाला होतात, मग येत का नाही?

महाराजांची अशी शोभा झाली. मास्तरांनी हात जोडून सांगितलं की हा काळ रोजच्या गोष्टींचा. सूर्य उगवतो, गाय दूध देते, तसला. तेव्हा निघताना सरकारांनी सरळ 'आय गो' म्हणावं.

"आमच्या घराण्यात 'जातो' म्हणून कोणी उठत नाही," महाराज गरजले. "थोरले काका एकदा चुकून म्हणाले, ते गेलेच!"

मास्तरांनी भीत भीत भूतकाळ पुढे केला, मग भविष्यकाळ. 'गेलो' आणि 'जाईन' ऐकून तर महाराजांनी कानांवर हात ठेवले. राहता राहिलं 'गुड बाय'. त्यावर महाराज लालबुंद झाले. साहेबाच्या मडमेदेखत 'चांगली बाय' म्हणून आम्ही जोडे खावे, असं आहे का तुमच्या मनात? झालं, मास्तरांचा भाता रिकामा झाला.

साहेबाचा मुक्काम हलायचा होता, म्हणून दुसऱ्या दिवशी महाराज शेवटच्या भेटीला निघाले. पागेसमोर राणोजी घोडा धरून उभा होता, बाजूला ठकू. मास्तर मान खाली घालून आपलेच जोडे न्याहाळत होते. महाराजांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि हरभऱ्याची पोती शाळेत टाकायला सांगितली.

ठकू पुढे झाली.

"सरकार, एक इचारू?"

राणोजीनं डोळे वटारले. पण नाव ठकू, ती डोळ्यांना कुठली भिते! महाराजांनी मान हलवली.

"सरकार निघत्यात, तवा पाय कुणाचे उचलत्यात?"

"घोड्याचे."

"आन् सरकार काय करत्यात?"

"आम्ही बसतो."

"मग सरकार जात्यात कुठं? जातंय ते घोडं! सरकारांनी म्हणावं, 'माय हॉर्स गोज. आय सिट.'"

महाराजांचा हात मिशीवर गेला आणि तिथंच थांबला. वाक्य त्यांनी दोनदा पुटपुटून पाहिलं. पण सहजासहजी हार मानतील तर ते महाराज कसले? 'गो'ला मागे हे काय चिकटलं, त्यांनी विचारलं. मास्तर चटकन सांगू लागले की मी आणि तू सोडून एखाद्या तिसऱ्याबद्दल बोललं, की क्रियापदाला मागे शेपूट लागतं.

"घोड्याला शेपूट असतंयच की," ठकू म्हणाली. "सरकारांना न्हाई, म्हणून नुसतं 'सिट'."

महाराज हसू दाबत होते, तरी त्यांनी शेवटचा फास टाकला. "आणि घोडा जातो म्हणावं आणि आमचा लाडका घोडाच गेला तर?"

"कसा जाईल, सरकार? ह्यो काळ रोजचा हाय. घोडं रोज जातं, रोज माघारी येतं. एकदाच जाऊन मरणारं घोडं ह्या काळात बसतच न्हाई!"

महाराजांनी टाच मारली. घोड्यामागे राणोजी, राणोजीमागे ठकू आणि सगळ्यांच्या मागे देवाचं नाव घेत मास्तर.

भेट झाली, अत्तर-गुलाब झालं. महाराज बाहेर येऊन घोड्यावर चढले, छाती फुगवली आणि म्हणाले, "माय हॉर्स गोज, साहेब. आय सिट!"

साहेब क्षणभर घोड्याकडे बघत राहिला. मग तो इतका हसला की त्याची टोपी पडली. त्या रिकाम्या खुर्चीवर थाप मारून तो म्हणाला, "अँड माय चेअर वेट्स, महाराज!"

"मास्तर," महाराज ओरडले, "खुर्चीलाही शेपूट!" आणि वाटभर ते खुर्चीचं शेपूट आठवून हसत राहिले.

पागेत परतल्यावर हरभऱ्याची पोती शाळेतून बाहेर निघाली. महाराजांनी ठकूला पुढे बोलावलं, तांबड्या घोडीच्या शिंगराकडे बोट दाखवलं आणि ऐटीत इंग्रजी फेकलं, "ठकू, आय गिव्ह शिंगरू!"

ठकूनं वाकून मुजरा केला आणि विचारलं, "रोज, सरकार?"

महाराज पोट धरून खाली बसले. शिंगरू तिला एकच मिळालं, पण त्याचा हरभरा मात्र सरकारी कोठारातून रोज येऊ लागला.