नव्या खणाची कड

लाकडालोखंडाला वाचा होती, तेव्हाची गोष्ट. एका जुन्या कपाटात नवा खण बसवला. तो सरकावा म्हणून दोन्ही बाजूंना छऱ्यांच्या गुळगुळीत पट्ट्या होत्या, तरी आत ढकलताना तो अर्ध्यावरच अडकला.

“खणच वाकडा!” डावी पट्टी म्हणाली.

“आमच्या घरात असलं चालत नाही,” उजवीने री ओढली.

खणाची कड तासायला दाजिबा मिस्त्रींनी रंधा उचलला. एकदा तासलेली कड परत येणार नव्हती. खण कसाबसा बोलला, “मिस्त्री, आधी पट्ट्यांचं माप घ्या.”

“कालचा आलेला, आणि तोंड बघा!” कपाट करकरलं.

मिस्त्रींनी मोजलं. उजवी पट्टी दोन सूत वर होती. ती खाली घेताच खण अलगद आत गेला.

“बघा,” कपाट कौतुकाने म्हणालं, “शिकला शेवटी आपल्यात सरकायला!”

खण मिटलेला होता, म्हणून त्याचं हसू कुणाला दिसलं नाही.