टाचेचा रेट

“...मग झटके देऊन ताणलेलं बरं, की एका जागी ताण धरून ठेवलेला बरा? तुमचं मत सांगा, वस्ताद. खुबा कशानं मोकळा होतो?”

विचारणारा रघुवीर चौगुले. पुण्यात व्यायामाचं केंद्र चालवतो, भिंतीवर प्रमाणपत्रं लावलीत, लोक सर म्हणतात. ऐकणारे दस्तगीर वस्ताद, कोल्हापुरातल्या एका गल्लीतल्या तालमीचे. कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती फावड्यानं खालीवर करत होते. त्यांना कुणी सर म्हटलं असतं, तर कोण आलंय म्हणून त्यांनी मागं वळून पाहिलं असतं.

रघुवीर ह्याच हौद्यात घडला. मग एकदा वस्तादांनी त्याला कुस्तीच्या मैदानाला पाठवायला नकार दिला, आणि त्यानं सगळ्या पोरांदेखत त्यांच्या छातीवर हात ठेवून त्यांना ढकललं. वस्ताद मागं मातीत पडले. हा गेला तो गेलाच.

आता अंग आखडलं होतं. वाकून बुटाची नाडी बांधता येत नव्हती. पण तेवढ्यासाठी पुण्याहून कोल्हापूरला कोण येतं? त्याला तालमीची ओढ लागली होती. तेल मुरलेल्या मातीचा वास स्वप्नात यायचा. त्याला परत यायचं होतं. तेवढं एक सोडून बाकी सगळं तो बोलत होता.

“झटक्यानं काय हुतंय?” वस्तादांनी विचारलं.

“स्नायू बिथरतो. उलट जास्तच आवळतो.”

“आन् धरून ठिवल्यावर?”

“सुटतो. पण सकाळी उठलं की पुन्हा तसाच.”

“मग ऱ्हायलं काय?”

“तिसरा प्रकार आहे. जोडीदारानं पाय धरायचा, आपण त्याच्यावर जोरानं रेटायचं. मग सैल सोडायचं, की पाय आपोआप पुढं जातो. तिन्ही माझ्या पोरांवर तपासून पाहिलेत मी. हाच सगळ्यात चांगला.”

“मग कर की.”

“धरणारा मिळत नाही...”

“एवढी पोरं हायती न्हवं तुझ्याकडं?”

“मी रेटलं की ती पाय सोडून देतात. सरांना अडवायचं कसं, म्हणून.”

“आन् सूनबाई?”

“ती म्हणाली, जन्मभर मला रेटतच आलात, आता पायानं पण रेटा.”

वस्ताद हसले नाहीत. त्यांनी फावडं भिंतीला टेकवलं.

“झोप.”

रघुवीर इस्त्रीच्या पँटीनिशी मातीत उताणा झाला. म्हातारा गुडघ्यांवर बसला. रघुवीरचा उजवा पाय सरळ उचलून त्यानं टाच आपल्या खांद्यावर घेतली. पाय थोडा वर गेला आणि अडला.

“रेट.”

रघुवीरनं हलकेच रेटलं.

“जेवला न्हाईस व्हय? रेट की.”

“वस्ताद, तुमचं वय... लागेल तुम्हाला.”

“गेल्या बारीला वय इचारलं न्हवतंस.”



मग रघुवीरनं रेटलं. आधी पायानं, मग सगळ्या अंगानं, दात आवळून. म्हाताऱ्याचे गुडघे मातीत रुतले. मानेच्या शिरा टरारून फुगल्या. पण खांदा मागं सरला नाही. रघुवीर दमला तरी सरला नाही.

“आता सोड.”

त्यानं सोडलं...

पाय वर गेला. जिथं अडत होता तिथून पुढं गेला, आणखी गेला, आणि रघुवीरच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. दुखण्याचा नव्हता तो. आपण रडतोय, हे त्याला जरा उशिराच कळलं.

“वस्ताद, तेव्हा मी तुम्हाला...”

“श्वास घे. बोलू नगंस.”

वस्तादांनी पाय सावकाश खाली ठेवला. भिंतीला धरून उठले आणि खांदा चोळत उभे राहिले.

रघुवीर उठून बसला. पाय पसरून त्यानं हात पुढं केले. उजव्या अंगठ्याला हात पोचला. डाव्याला वीतभर कमी पडला.

“एकच सुटला,” तो म्हणाला. मग खाली मातीकडं बघत कसंबसं म्हणाला, “वस्ताद... मी परत येऊ का?”

वस्तादांनी फावडं उचललं.

“दुसरा पाय उद्या. येताना लंगोट घिऊन ये.”