राखवाडीची भिवराआई

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मात्र विचारू नका. राखवाडीत दोघांना विचाराल तर तीन उत्तरं मिळतील. शहराच्या खालच्या अंगाला, गिरणीची राख टाकायच्या जागेवर ही वस्ती वसली. राख चाळून अर्धे जळलेले कोळसे वेचायचे आणि विकायचे, हा तिथला धंदा. वरच्या पेठांतली माणसं तिकडं नाक दाबूनसुद्धा फिरकत नसत.

त्या वस्तीत भिवरा नावाची बाई राहायची. जिभेला तिखट, पण हाताला गुण. कण्यांची पेज करून ती आजाऱ्यांना पाजायची आणि त्यात मीठ मुद्दाम कमी घालायची. "आई, अळणी लागतंय," असं कुणी कुरकुरलं की म्हणायची, "आता न्हाई मरत तू. ऊठ!" आणि तो माणूस उठायचा, असं म्हणतात.

एके वर्षी शहरात साथ आली. वरच्या पेठांनी भीतीनं आपलीच आजारी माणसं दाराबाहेर ठेवली. भिवराआईनं राखेचे गाडे पाठवून त्यांना वस्तीत आणवलं. एरवी ज्यांनी तिथल्या पाण्याला हात लावला नसता, ते तिच्या हातची पेज प्याले. साथ सरेपर्यंत तिचं मडकं एकदाही रिकामं झालं नाही, असं म्हणतात. पुष्कळ वाचले, पुष्कळ गेलेही. राखवाडीची रीत अशी, की जो आपल्या घरचं पाणी प्यायला, त्याला परकं म्हणायचं नाही. त्यामुळं मृतांची नोंद घेणारा कारकून "हा कुणाचा?" असं विचारी, तेव्हा वस्ती सांगे, "आमचाच."

साथ सरल्यावर नगरपालिकेच्या साहेबांनी आकडे पाहिले. सगळ्यांत जास्त माणसं मेली ती राखवाडीत. म्हणजे रोगाचं मूळ तिथंच! वस्ती जाळायचा हुकूम निघाला.

साहेब पलिते घेतलेली माणसं घेऊन आले. मागोमाग वरच्या पेठांतले बघेही जमले. वस्तीतल्या लहानू हलगीवाल्यानं भिवराआईचे पाय धरले. "आई, सांग की गं, ती मानसं वरची हुती. येवढं बोललीस तर घरं वाचत्याल."

लेकराबाळांसकट सगळी वस्ती उघड्यावर पडणार होती. तरी भिवराआई म्हणाली, "मरताना मला आई म्हनाली ती. आता परकी म्हनून कसं सांगू रं?" मग साहेबांकडं वळली. "सायेब, आकडा खरा हाय. पर उन्हाचं आलायसा, आधी वाईच पेज घ्या."

तेव्हा बघ्यांतून एका वकिलाची बायको पुढं आली. तिला रडू आवरेना. "माझा दीर इथं गेला. आम्हीच त्याला दाराबाहेर ठेवला होता." पाठोपाठ एक सोनार म्हणाला, "माझी आईसुद्धा." मग एकेक तोंड उघडत गेलं. साहेबांच्या माणसांच्या हातातले पलिते आपोआप विझले, असं म्हणतात. मला विचाराल तर ते लाजेनं विझले. साहेब तिथंच राखेत मांडी घालून बसले, पेज प्याले आणि पुन्हा मागून घेतली. राखवाडी जागच्या जागी राहिली.

भिवराआई पुढं पिकलं पान होऊन गेली. पण आजही शहरात कुणी बेवारस मेलं, की राखवाडीला निरोप येतो. माणसं हातातलं काम टाकून उठतात आणि खांदा द्यायला जातात. स्मशानातला कारकून विचारतो, "मयताचे नातेवाईक कोण?"

"आई," खांदेकरी सांगतात. "नाव लिहा, भिवरा."

आणि तो लिहून घेतो.