ज्याला हाक मारत नाहीत

पूर्व युरोपातल्या पोलेस्येच्या दलदलीत एक बुटकी टेकडी आहे. तिच्यावर चढलेली माणसं एकमेकांना नावानं हाक मारत नाहीत, टाळी वाजवतात. आम्हा मराठी प्रवाशांना वर नेणारे ओनुफ्री आजोबा मधमाश्या पाळतात. गोष्ट त्यांनी सांगितली, दुभाष्यानं आम्हाला समजावून दिली.

फार पूर्वी, असं सांगतात, सगळ्या स्लाव लोकांची भाषा एकच होती आणि अस्वलाला त्याचं खरं नाव होतं. रादिम नावाचा एक माणूस झाडावरचा मध काढायला गेला, तो परतलाच नाही. त्याची बायको ल्युबावा तीन दिवस या टेकडीवरून त्याला हाका मारत राहिली. चौथ्या दिवशी संतापून तिनं अस्वलालाच नावानं हाक मारली, "माझा माणूस परत दे!"

खालून उत्तर आलं, "आलो, ल्युबावा."

आवाज रादिमचा होता. झाडीतून बाहेर आलं ते अस्वल.

दोन पायांवर चालत ते तिच्या मागोमाग गावापर्यंत आलं म्हणे. त्यानंतर कुणाच्या तोंडून ते नाव निघालं की ते यायचं. नावाला ‘चा’ लागला तर कुंपणापाशी, ‘ला’ लागला तर दारापाशी. एका म्हाताऱ्यानं तापाच्या भरात त्याला हाक मारली, तेव्हा ते आत शिरलं. घरात नंतर नुसतं अंथरूण सापडलं.

"मी बोलावलं, मीच पोचवते," ल्युबावा म्हणाली. नावाची एकेक रूपं उच्चारत ती दलदलीत चालू लागली. ते तिच्यामागे. लोक कुंपणाशी उभं राहून ऐकत होते. तिचा आवाज पुसट होत गेला, मग थांबला. आणि त्याच क्षणी नाव कुणालाच आठवेना.

काहीतरी म्हणायला हवं, म्हणून गावानं त्याला ‘मध खाणारा’ म्हटलं: मेद्वेदि. आजही या गावात त्या शब्दाची बाकी सगळी रूपं चालतात. हाकेचं रूप मात्र कुणी उच्चारत नाही.

"यातला ‘मेद्व’ मूळचा ‘मेदु’, म्हणजे आपला ‘मधु’च की!" आमच्यातल्या, संस्कृत शिकवणाऱ्या मुळेबाई हरखून म्हणाल्या. "मग ते हरवलेलं नावही आमच्याकडे असणार. अस्वलाला आम्ही ऋ—"

आजोबांनी झटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. खालची झाडी एकदम गप्प झाली होती.

"तुम्ही उद्या निघून जाल, बाई," ते हलकेच म्हणाले. "आम्हाला इथंच राहायचंय."