माझा आवाज वाढवा

या गोष्टीत आश्रम नाही, ऋषी नाहीत. एक रॉक बँड आहे. हसू नका. चार माणसं एकत्र आली की भांडणं सगळीकडे सारखीच.

पराग गायचा आणि गिटार वाजवायचा. त्याचा शाळेपासूनचा मित्र इरफान ड्रम्सवर असे. दोघांना संगीत शिकवलेले वृद्ध बर्वे सर त्यांच्या कार्यक्रमांत ध्वनियंत्रणा सांभाळत. दोघांची भांडणं ऐकून सरांचे कान किटले होते. परागची तक्रार एकच, "इरफान लय पाडतो. दर कडव्याआधी रेंगाळतो." त्या संध्याकाळी सांगलीच्या मैदानावर तो सरांना म्हणाला, "सर, आज शेवटच्या गाण्याआधी माइकवरच जाहीर करतो, मी बँड सोडतोय. जीव विटलाय माझा."

रंगमंचावर प्रत्येकाच्या पायाशी एक स्पीकर असतो. गोंगाटात त्याला जे ऐकायचं, ते त्यातून ऐकू येतं; श्रोत्यांचे स्पीकर वेगळे. वादकाने बोट वर केलं की समजायचं, माझा आवाज वाढवा. पराग गाण्यागणिक बोट वर करी. मग इरफान चिडून आणखी जोरात बडवी, की परागचं बोट पुन्हा वर! अगदी कानठळ्या बसायची वेळ आली.

आणि मध्येच सरांनी भलतंच केलं. परागच्या स्पीकरमधून परागचाच आवाज काढून टाकला आणि तिथे फक्त इरफानचे ड्रम्स सोडले. परागने डोळे वटारले, हातवारे केले. सर ढिम्म. गाणं तर चालू होतं. नाइलाजाने तो इरफानचा ठेका धरून गाऊ लागला.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. गिटारचा तुकडा वाजवून माइकपाशी परतायला त्याला स्वतःलाच उशीर होत होता. दर वेळी. आणि दर वेळी इरफान ठेका किंचित लांबवून त्याच्यासाठी थांबत होता, श्रोत्यांना पत्ताही लागू न देता. परागला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटच्या गाण्याआधी तो माइकपाशी उभा राहिला. "हे शेवटचं गाणं," एवढंच म्हणाला आणि गायला.

कार्यक्रम संपल्यावर त्याने विचारलं, "सर, माझा आवाज का काढलात?"

सर थकून खुर्चीत बसले होते. "बाळा, जन्मभर मी लोकांचे आवाज वाढवत आलो. 'पुरे' म्हणणारा एकही भेटला नाही. तुला इरफानचा दोष तेवढा ऐकू येत होता, इरफान येत नव्हता. सोडायचं तर खुशाल सोड. पण ज्याला सोडतोस त्याला आधी एकदा नीट ऐक. मला आता नाही होत रे तुमची भांडणं सोडवणं."

पराग रंगमंचामागे गेला. इरफान घामाने निथळत सामान आवरत होता.

"इरफान, तू माझ्यासाठी थांबत होतास. कधी बोलला का नाहीस?"

इरफानने वरही पाहिलं नाही. "बोललो होतो. कितीदा तरी. तुझं बोलणं संपायची वाट बघून दमलो."

पराग त्याच्याशेजारी खाली बसला. "बोल," तो म्हणाला, "मी ऐकतोय."