बूट सांभाळणारी कुंदा

धुक्याच्या डोंगरावर एक गाव होतं, आणि गावाच्या खालच्या आळीत बर्फाचं एक जुनं मैदान. मैदान कसलं, आळीने आपल्या हाताने घडवलेला आरसाच तो! थंडी पडली की घरोघरची माणसं संध्याकाळी तिथे पाण्याचा पातळ थर शिंपडायची. रात्रीतून तो गोठला की दुसऱ्या संध्याकाळी त्यावर आणखी एक. घाईने घागरी ओतल्या तर बर्फ पोकळ होतो, हे तिथली शेंबडी पोरंही सांगायची.

बर्फ पक्का झाला की पहिल्या सकाळी सगळ्या घराने मिळून तिथे जायची रीत होती. पायात पोलादी पात्यांचे बूट चढवायचे, घरची लोकरी शाल थोरापासून धाकट्यापर्यंत सगळ्यांनी धरायची आणि सुर्रकन फेरी मारायची. लाल शाली, पिवळ्या शाली, मोरपंखी शाली! वरून पाहणाऱ्या पाखरांना वाटावं, फुलांच्या माळाच फिरताहेत.

कुंदा मात्र कडेला बसायची. आईबाप नसलेली ही पोर मावशीकडे राहायची. मावशी वाटाण्याची उसळ विकून घर चालवायची, आणि पदरात तिची स्वतःची पोरं. मावशी दुष्ट होती म्हणता? छे! कामाने पिचलेली बाई. मावशीकडच्या पहिल्याच थंडीत कुंदाला खोकला झाला होता, तेव्हा मावशीने तिला मैदानाच्या कडेच्या शेगडीपाशी बसवलं. म्हणाली, "तू आपली बूट सांभाळ गं." खोकला गेला, जागा तीच राहिली. दुकानात कोपऱ्यात ठेवलेलं पोतं कसं वर्षानुवर्षं तिथेच राहतं, तसं झालं. मावशीला वाटे, पोरीला इथेच बरं वाटतंय. आणि कुंदा कधी बोललीच नाही.

या वर्षीच्या पहिल्या सकाळीही ती एकटी बसली होती. समोर साऱ्या आळीचे रोजचे बूट. कुणी सांगितलं नव्हतं, तरी ती एकेक जोडी शेगडीशी धरून शेकत होती. परतल्यावर लोक ऊबदार बुटांत पाय घालायचे आणि "वा, आज ऊन छान पडलंय," म्हणत घरी जायचे.

तेवढ्यात बर्फातून 'टिंग' असा आवाज झाला. निळंजांभळं चांदणं वर उसळलं आणि त्यातून कुंदाएवढीच एक परी बाहेर आली. पंख पहाटेच्या दवासारखे लुकलुकणारे, केसांत हिमाच्या इवल्या इवल्या कळ्या. पण पाय?

"अगंबाई, अनवाणी!" कुंदा म्हणाली. तिने आपलेच बूट काढून पुढे केले. "घाल. आत्ताच शेकलेत."

परीने पाय आत सरकवले आणि खुदकन हसली. "मी वर आले की लोक आधी मागणी सांगतात. एक तूपवाला आला होता. म्हणाला, या बर्फाची खडीसाखर कर. केली. पण लबाडाने ती भाऊबंदांपासून लपवली, तर घरी पोचेपर्यंत पिशवीत नुसतं पाणी! तू मात्र माझे पाय पाहिलेस. माग काय हवं ते. पण अटी ऐक. इच्छा मोठ्याने बोलायची, पुटपुटायची नाही. आणि माणसं मागशील, तर मी नवी घडवत नाही. एकाची उचलून दुसऱ्याला देते."

"माझे आईबाबा..."

"गेलेली माणसं माझ्या हाती नाहीत, सोनुले. पण ते मोरपंखी शालवालं घर बघ. बाबा हसरे, आई गाणारी. माग, आणि ते तुझे."

"मग त्यांची ती छोटी?"

"ती इथे बसेल. बूट सांभाळत."

कुंदाने पाहिलं. ती छोटी बाबांच्या हाताला लोंबकळत खिदळत होती.

"नको," कुंदा म्हणाली.

"विचार कर. मी पुन्हा येणार नाही."

कुंदाने जोरात मान हलवली. "नकोच. इथे बसून कसं वाटतं, मला माहीत आहे."

इतक्यात मावशीची पिवळी शाल जवळून गेली. आखूड होती ती. धाकट्या चिंगीच्या मुठीत जेमतेम गोंडा आला होता. कुंदा मोज्यांनिशीच बर्फावर उतरली. तोंड उघडलं, आवाज फुटेना. तिने डोळे मिटले आणि सगळा जीव एकवटून ओरडली, "मावशीची शाल लांब होऊ दे! मलाही धरायचीय! मला इथे एकटीला नाही आवडत!"

सारं मैदान थबकलं. मावशी अशी थांबली की मागची पोरं तिच्यावर धडाधड आपटली.

"अगं बये," मावशी जवळ आली, "इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू विचारलंच नाहीस, मावशी."

मावशीने पदराने आधी कुंदाचे डोळे पुसले, मग स्वतःचे. इकडे पिवळी शाल सळसळत वाढू लागली, सोनेरी, केशरी, चमचमती! कुंदाचे बूट आपोआप तिच्या पायांत आले, आणि त्यांच्या तळाला चांदीची नाजूक पाती लखलखली. कुंदाने वळून पाहिलं. परी हसली, तिचे पंख उजळत उजळत गेले आणि ती लख्ख प्रकाशात विरून गेली.

"कुंदाताई माझ्याशेजारी!"

"हट्, माझ्याशेजारी!"

"भांडू नका रे! निघा!"

फेरी सुरू झाली. वाऱ्याने गाल झोंबले, पाय लटपटले, आणि पुढून मावशीचा खणखणीत आवाज आला, "कुंदे, हळू! गुडघे फोडून घेशील, पुढे बघ!"

असं आपल्यावर ओरडणारं कुणी कुंदाला आजवर नव्हतं. ती मुद्दामच आणखी जोरात निघाली.