नवावर अडलेली मोटार

एका गावात एक मोटार होती. गाव लहान, मोटार मोठी. रंग पिकल्या जांभळाचा, आणि पुढचे दोन दिवे सदा आश्चर्याने उघडे असल्यासारखे. ती कोणी आणली, कुठून आणली, हे आता कुणाला आठवत नव्हतं. गावातली प्रत्येक नवरी सासरी जाते आणि गावाची प्रत्येक सून येते ती याच मोटारीतून, आणि मोटार चालवतो तो केरबा, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या गावाची एक रीत होती. नवरीला घेऊन मोटार वेशीवर आली की थांबायची. केरबा मीटरच्या काचेत बघायचा आणि मोटार आजवर किती मैल चालली तो आकडा खणखणीत आवाजात वाचायचा. तोच त्या नवरीचा आकडा. लग्नाची तारीख त्या गावात कुणी सांगत नसे. “माझी मोटार एकोणीस हजार आठशेची,” असं म्हाताऱ्या सांगत आणि बत्तीस हजारवाल्यांना ‘कालच्या पोरी’ म्हणून गप्प बसवत. बायका आपला आकडा कधी विसरत नसत. नवरे विसरत आणि बोलणी खात.

आकडा वाचताना केरबाचा आवाज असा काही लागायचा, की वेशीवरची गुरंसुद्धा माना वर करत. त्या क्षणी त्याच्याइतका मोठा माणूस गावात दुसरा नसे. पाटीलही नसे.

पण माणसाचे डोळे काही मोटारीच्या दिव्यांसारखे बदलता येत नाहीत. केरबाची नजर मंद होत चालली होती. गेल्या लग्नाहून मोकळी मोटार परत आणताना ओढ्याच्या मोरीवर त्याने पुढचं चाक कडेखाली घातलं. लोकांनी मोटार ढकलून वर काढली. सगळ्यांना कळलं, पण बोललं कोणीच नाही. ज्याने आपल्या आईला सासरी पोचवलं, त्याला ‘नाना, आता पुरे’ कसं म्हणायचं?

केरबाची लेक हौसा. ती रोज दुधाचा टेम्पो घेऊन घाट उतरायची आणि चढायची. वळण न् वळण तिच्या हाताला पाठ. एकदा तिने हलकेच विचारलं, “नाना, पुढच्या लगनाला मी चालवू?”

“दूध सांडलं तर पुसता येतं,” केरबा म्हणाला. “नवरी म्हंजे दूध न्हवं.”

हौसा आपल्या टेम्पोकडे वळली. किल्ली केरबाच्या खिशातच राहिली.

आणि त्या मोरीवरच मीटर अडलं होतं. आकडा होता एकोणपन्नास हजार नऊशे नव्व्याण्णव. शेवटचा नऊ अर्धा वर सरकला, खालून शून्याची कड डोकावली, आणि तिथेच सगळं थांबलं. वेगाचा काटा हलत होता, चाकं फिरत होती, झाडं मागे जात होती. आकडा मात्र जागचा हलेना.

गाव काळजीत पडलं. कारण शेवंताचं लग्न तोंडावर आलं होतं, आणि तिचं सासर घाटाखाली. शेवंता म्हणाली, “मला बिनआकड्याची पाठवू नगासा. सासरी मला कुनी इचारलं तर म्या काय सांगू?”

मग औषधं सुरू झाली. कुणी मीटरवर थापट्या मारल्या. कुणी काचेला अंगारा लावला. न्हाव्याने सांगितलं, मोटार उलटी चालवा, अडलेलं आपोआप सुटेल. तेव्हा मोटार देवळाभोवती उलटी फिरवण्यात आली. शेवटचा नऊ मागे येऊन नीट बसलासुद्धा. तेवढ्यात एक म्हातारी ओरडली, “आरं थांबवा! आकडा असाच मागं जात ऱ्हायला तर आमची लगनं मोडायची की!” दोन-तीन म्हातारे मनातून खूश झाले असावेत. पण मोटार पुढे घेताच नऊ पुन्हा अर्ध्यावर अडला तो अडलाच.

शेवटी केरबाने मीटर बाहेर काढलं. घरामागे भोकराच्या झाडाखाली जुनं धोतर अंथरलं आणि त्यावर ते उघडून ठेवलं. आत एका बारीक दांड्यावर पाच चकत्या ओळीने बसल्या होत्या. प्रत्येकीच्या काठावर शून्य ते नऊ आकडे रंगवलेले. केरबाने अंगठ्याने शेवटची चकती फिरवून पाहिली. ती थोडी फिरली आणि थांबली. कुणीतरी आतून तिला धरून ठेवत होतं. पण कोण, ते त्याला दिसेना. सगळं धुक्यातल्यासारखं. हौसाला हाक मारावी असं त्याच्या ओठांवर आलं, आणि ओठांवरच राहिलं.

दुपार टळत होती. भोकराची पानं हलत होती आणि धोतरावर उन्हाचे कवडसे इकडून तिकडे सरकत होते. केरबाचा डोळा लागला.

त्याला वाटलं, आपण लहान लहान होत चाललो. तिळाएवढे झालो आणि मीटरच्या खिडकीतून आत गेलो. आत पिवळसर उजेड होता. जुन्या ग्रीसचा वास होता, आणि त्यात कुठेतरी चुरगळलेल्या मोगऱ्याचाही. दूरवरून सगळ्या नववधूंचं रडणं आणि हसणं एकदमच ऐकू येत होतं. समोर एका लांब बाकावर पाच भाऊ बसले होते. अंगाला अंग लावून, ओळीने. लहानपणी शाळेत घोकलेली त्यांची नावं केरबाला लगेच आठवली. एकं, दहं, शतं, सहस्र आणि दशसहस्र.

पहिल्या चौघांच्या कपाळावर नऊ होता. दशसहस्राच्या कपाळावर चार.

एकं घामाघूम झाला होता. तो म्हणाला, “नाना, मी दर दहा मैलांना नवाचा शून्य होतो. मला त्याचं काही वाटत नाही. पण आज सगळ्यांनी मिळून वळायचंय, आणि मधला वळेना.”

मधला म्हणजे शतं. तो ताठ बसला होता. मान वर, हात मांडीवर घट्ट.

“माझ्याहून मोठा आकडा न्हाई,” शतं म्हणाला. “नऊ म्हंजे नऊ. वळलो तर शून्य. मग मला कोन वळखनार?”

“आरं, पण याच्या आधी वळलायस की!” केरबा म्हणाला. “दर हजार मैलांना वळलायस.”

“तवा अंगात तेल हुतं,” शतं म्हणाला. “आता भ्या वाटतं.”

त्याच्या पलीकडे सहस्र खाली मान घालून बसला होता. आणि बाकाच्या टोकाला दशसहस्र अर्धवट उठलेला, तसाच अवघडलेला. “मी केव्हाचा चारावर बसलोय,” तो हळूच म्हणाला. “पाच व्हायची माझी वेळ आली. पण हा वळल्याबिगर मला उठता येत न्हाई.”

केरबाला त्याची फार दया आली आणि शतंचा राग आला. तो ओरडला, “आरं शान्या! शून्य झालास म्हून बाकावरनं कुनी उठवनार हाय का तुला? जागा तुजीच ऱ्हानार. फकस्त पुढच्याला पुढं जाऊ दे. तू अडलास म्हून सगळी अडली!”

शतंने मान वळवली. त्याचा चेहरा केरबाने रोज आरशात पाहिलेला होता.

“नाना,” तो म्हणाला, “मोटारीची किल्ली कुनाच्या खिशात हाय?”

केरबा जागा झाला. त्याचा हात खिशावर होता. किल्ली इतकी घट्ट धरली होती, की तळहातावर तिचे दात उमटले होते. तो बराच वेळ त्या खुणेकडे बघत बसला. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली. मोटार दिली तर आपल्याजवळ काय उरेल, हेच त्याला कळेना. मग त्याला घाटातलं अवघड वळण आठवलं, आणि मागच्या सीटवर बसलेली शेवंता डोळ्यांपुढे आली.

“हौसा,” त्याने हाक मारली. “जरा हिकडं ये. मला दिसंना झालंय.”

हे वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं होतं.

हौसा आली. धोतरावर मांडी घालून बसली. तिने मीटर उजेडात धरलं आणि तिला लगेच दिसलं. मधल्या चकतीच्या पोटात जुनं ग्रीस वाळून डिंकासारखं चिकटलं होतं. केरबा सांगत गेला, ती करत गेली. काडीला कापूस गुंडाळून तिने रॉकेलात बुडवला.

“आकड्यांना रॉकेल लावू नगंस, रंग जाईल,” केरबा म्हणाला. “निस्ता दांडा पूस.”

काळा डिंक हळूहळू सुटला. मग शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब. हौसाने चकती बोटाने जरा हलवली. ती अलगद हलली.

“फिरवू का पुढं, नाना?”

“हातानं न्हाई,” केरबा म्हणाला. “रस्ताच फिरवंल.” आणि त्याने किल्ली काढून तिच्यासमोर धोतरावर ठेवली.

शेवंताच्या लग्नाच्या दिवशी लोकांनी पाहिलं, हौसा चालकाच्या जागेवर बसली आहे आणि केरबा शेजारी. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी कुजबुजलंही नाही. केरबाच्या जुन्या मित्राने तेवढे डोळे पुसले. मोटार निघाली. गाव तिच्यामागून चालू लागलं. केरबाचे हात मांडीवर होते. ते त्याला फार रिकामे वाटत होते.

वेस जवळ आली. मीटरमधून एक बारीक आवाज आला. टक्. चारी नऊ एकदम वळले आणि टोकाचा चार उठून पाच झाला.

हौसाने मोटार थांबवली. मागून शेवंताने विचारलं, “नाना, माझा आकडा?”

केरबाला काचेमागचं काही दिसत नव्हतं. पण आवाज त्याने ऐकला होता. त्याने छाती भरून श्वास घेतला आणि आजवर कधी लागला नव्हता अशा आवाजात तो म्हणाला, “पन्नास हजार!”

वेशीवरच्या गुरांनी माना वर केल्या. लेकीच्या शेजारी बसलेला केरबा हसला आणि रडलाही. मग मोटार घाटाला लागली, आणि प्रत्येक वळण हौसाने असं घेतलं, की मागे बसलेल्या नवरीला झोप लागली.

तात्पर्य: वेळ आली की नवाने शून्य व्हावं. जो वळतो त्याची जागा जात नाही आणि शेजारचा पुढे जातो. जो नवावरच अडून बसतो, तो स्वतःबरोबर सगळ्या ओळीला अडवतो.